जुने इंजिन ऑइल का खाते?

दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली मोटार दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये लिटर-दीड लिटर ऑइल संपवू लागली, की मालकाला बहुधा दोनच सल्ले मिळतात : जाड ऑइल टाका, नाहीतर इंजिन बांधून घ्या. पहिला सल्ला स्वस्त आणि दुसरा फार महाग असला, तरी दोहोंत एक उणीव समान असते. ऑइल नेमके कोणत्या वाटेने जात आहे हे पाहण्याआधीच ते दिलेले असतात. इंजिनातून ऑइल नाहीसे होण्याच्या वाटा मोजक्या आहेत, प्रत्येक वाटेची खूण वेगळी आहे, आणि त्यांपैकी बऱ्याच वाटा इंजिन न उघडता बंद करता येतात किंवा निदान अरुंद करता येतात. त्यामुळे या विषयात निदानाला उपायापेक्षा अधिक महत्त्व आहे, आणि ते निदान करण्याइतकी माहिती सामान्य वाहनमालकालाही असू शकते.

मुळात थोडे ऑइल जळणे हे पिस्टन इंजिनाच्या रचनेतच आहे. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्या सिलिंडरच्या, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला बोअर म्हणतात त्याच्या, भिंतीवर ऑइलचा पातळ थर नसेल, तर पिस्टनवरच्या रिंगा भिंतीला ओरबाडतील आणि इंजिन थोड्याच वेळात जाम होईल. हा थर राखायचा, तर ज्वलनाच्या वेळी त्यातला सूक्ष्मसा अंश ज्वाळेसमोर उघडा पडून जळणारच; प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे असे धरले, तर १००० किलोमीटरला सुमारे १००० मिनिटे लागतात, तेवढ्यात इंजिनाचे २० लाख फेरे होतात आणि दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा या हिशेबाने एकूण ४० लाख ज्वलने घडतात. या अंतरात पूर्ण एक लिटर ऑइल जळाले, तरी एका ज्वलनाच्या वाट्याला येतो तो एका थेंबाचा जेमतेम दोनशेवा भाग. हजार किलोमीटरला एक लिटर हे प्रमाण चिंताजनकच मानायला हवे, जरी काही उत्पादक आपल्या पुस्तिकांत अर्ध्या ते एक लिटरपर्यंतची घट स्वीकारार्ह म्हणून नोंदवतात. पण या हिशेबातून कळण्यासारखी खरी गोष्ट वेगळी आहे. निरोगी इंजिन आणि ऑइल पिणारे इंजिन यांच्यातले अंतर दर ज्वलनामागे थेंबाच्या शतांशापेक्षाही कमी असते, म्हणून एखादे बारीक छिद्र काजळीने बुजणे किंवा रबराची एखादी कड ताठर होणे एवढ्यानेही ते ओलांडले जाते.

ऑइल जळल्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा, ते कमी झाल्याचे वेळेत लक्षात न आल्याने होणारे नुकसान कितीतरी मोठे असते. या बाबतीत डॅशबोर्डवरच्या लाल ऑइलदिव्याविषयीचा गैरसमज फार महागात पडतो. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी दाखवतच नाही; तो दाखवतो ऑइलचा दाब, आणि तोही दाब जवळजवळ कोसळल्यावरच. इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यात, ज्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात, पंपाची शोषक जाळी ऑइलात बुडालेली असते तोवर निम्मे ऑइल संपले तरी दिवा विझलेलाच राहतो. पातळी आणखी उतरली, की वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला ऑइल एका बाजूला सरकते, जाळी क्षणभर हवा ओढते आणि दिवा लुकलुकतो. मालकाला मिळणारी ही पहिली सूचना बहुतेकदा शेवटचीच असते. रांजणगाव आणि मानेसर येथील कारखान्यांत तयार झालेले, मारुती, टाटा व फियाट यांच्या अनेक गाड्यांत बसवलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण त्यावर चालणाऱ्या टूरिस्ट टॅक्सी महाराष्ट्रात आजही मोठे पल्ले मारताना दिसतात. या इंजिनात ऑइल मावते ते सुमारे तीन लिटर, आणि तेवढ्या ऑइलवर तीन नाजूक कामे सोपवलेली असतात : कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, वॉल्व्हमधली फट आपोआप भरून काढणारे छोटे दट्टे त्याच दाबावर उभे असतात, आणि टर्बोचार्जरचा अतिवेगाने फिरणारा दांडा ऑइलच्या थरावर तरंगत असतो. तीनपैकी एक-सव्वा लिटर गेले, तर उरलेल्या ऑइलाला तेवढीच उष्णता आणि तेवढीच काजळी सोसावी लागते. ते लवकर काळवंडते, लवकर दाट होते, आणि त्या दाट झालेल्या ऑइलामुळे पुढची घट वाढते.

म्हणून पहिले काम मोजणीचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम असताना बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले ऑइल चेंबरमध्ये निथळते. मग डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. बऱ्याच गाड्यांत खालच्या व वरच्या खुणेमधले अंतर लिटरभराच्या आसपास असते, मात्र आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून पाहून घेतलेला बरा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा, दर ५०० किलोमीटरला पातळी पाहावी आणि पुन्हा वरच्या खुणेला आणण्यासाठी किती मिलिलिटर घालावे लागले ते नोंदवावे. दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये विश्वासार्ह सरासरी हाती येते. खुणेच्या वर ऑइल भरून ठेवण्याची 'थोडे जास्तच असू दे' ही सवय मात्र घातक आहे, कारण जादा ऑइल फिरत्या क्रँकशाफ्टच्या तडाख्यात सापडून फेसाळते, त्याचा तुषार ब्रीदर या वायुनलिकेतून सेवन-नळीत, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, जातो आणि तिथून जळायला, म्हणजे ज्या घटीवर उपाय म्हणून ते भरले तीच वाढते.

मोजणीत एक फसवी गोष्ट घडू शकते. रोज तीन-चार किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या पेट्रोल गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, आणि न जळलेले पेट्रोल व बाष्प रिंगांवरून खाली उतरून ऑइलात मिसळत राहते. ऑइल जळत असते, पण तेवढीच भर पडत असल्यामुळे डिपस्टिक महिनोन्महिने भरलेली दिसते; मग एखाद्या सुट्टीत गाडी कोकणात किंवा गोव्याला जाते, इंजिन तासन्‌तास तापते, पेट्रोल व पाणी उडून जाते आणि पातळी एकदम खालच्या खुणेशी येते. एका प्रवासात गाडीने ऑइल खाल्ले असे मालकाला वाटते, पण ते अगोदरच गेलेले असते आणि जे उरले होते तेही पातळ होऊन झिजेला हातभार लावत होते. अशा गाडीसाठी सर्व्हिसिंग किलोमीटरवर न ठेवता महिन्यांवर ठेवणे हाच योग्य मार्ग आहे.

घट निश्चित झाल्यावर ती गळतीची की ज्वलनाची, हे ठरवावे लागते, आणि गळती शोधणे सोपे असते. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी डाग कुठे पडला यावरून जागा कळते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, चेंबरचे पॅकिंग, क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील, ऑइल फिल्टरची गादी आणि ऑइल दाबाचा स्विच या नेहमीच्या जागा. टॅपेट कव्हरमधून झिरपणारे ऑइल गरम सायलेन्सरच्या मुळाशी पडून तिथेच करपते, जमिनीवर डाग पडत नाही, फक्त थांबल्यावर जळका वास येतो. तो वास आला तर पुठ्ठा कोरडा असला तरी गळती नाही असे समजू नये.

ज्वलनाच्या वाटांमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वाट क्रँककेसच्या, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीच्या, वायुवीजनाची आहे. ज्वलनातले थोडे वायू रिंगांना चुकवून खाली चेंबरकडे उतरतातच. पूर्वी ते नळीने सरळ रस्त्यावर सोडले जात, पण अमेरिकेत १९६०च्या दशकापासून प्रदूषण रोखण्यासाठी ते पुन्हा सेवन-नळीत ओढून जाळण्याची पद्धत आली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. हा ओढा किती असावा ते एक छोटी एकदिशा झडप ठरवते. तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. ती चिकटून उघडीच राहिली, तर सेवन-नळी ऑइलचा तुषार सतत ओढते. ती बुजली, तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि तो दाब ऑइलाला सीलांमधून बाहेर व रिंगांवरून वर ढकलतो, त्यामुळे एकाच दोषातून गळती आणि ज्वलन दोन्ही उद्भवतात. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल केले, तर थोडीशी ओढ किंवा हलकीशी फुंकर जाणवणे स्वाभाविक आहे. झाकण घट्ट धरून ठेवील इतकी ओढ असेल तर झडप उघडी अडकलेली किंवा तिचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता असते, आणि जोराने वाफारा येत असेल तर एक तर वाट बुजलेली असते किंवा रिंगांवरून फार वायू उतरत असतात. जिथे ही झडप सुटी मिळते तिथे ती बदलायला इतर कोणत्याही दुरुस्तीच्या मानाने किरकोळ खर्च येतो, तरीही इंजिन उतरवण्याचा निर्णय झाल्यावरच ती आठवते, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरी वाट वरून येते. वॉल्व्हच्या दांड्याभोवती रबराची छोटी टोपी असते, जी दांड्यावरचे ऑइल निपटून मोजकेच खाली जाऊ देते. ती म्हणजे वॉल्व्ह सील. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने, स्वयंपाकघरातल्या कुकरची रिंग ताठरते तशी, ही टोपी कडक होऊन तिची कड दांड्याला धरेनाशी होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत ऑइल हळूहळू वॉल्व्हवर उतरून साचते आणि सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन थांबतो. ही वॉल्व्ह सीलची ठळक खूण. दुसरी खूण घाटात दिसते. पुण्याहून मुंबईकडे बोरघाट उतरताना पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, थ्रॉटल बंद आणि इंजिन मात्र वेगाने फिरत असते, त्यामुळे सेवन-नळीत तीव्र निर्वात निर्माण होऊन ती सैल सीलांमधून ऑइल शोषते. खाली खोपोलीच्या बाजूला पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताच मागच्या गाडीला निळा धूर दिसतो. चढावर, भार घेताना सतत निळा धूर येत असेल तर मात्र संशय रिंगांकडे वळतो. सील बदलण्यासाठी प्रत्येक वेळी हेड उतरवावे लागते असे नाही. पिस्टन योग्य जागी आणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरली, किंवा नायलॉनची दोरी गुंडाळून आत सारली आणि पिस्टन हळूच वर आणून ती दाबली, की वॉल्व्ह आत पडत नाहीत. वरची स्प्रिंग काढून जुनी टोपी उपटता येते आणि नवी बसवता येते. हे काम चिकाटीचे आहे, पण कुशल मेकॅनिकच्या आवाक्यातले आहे, आणि दोष सीलांचाच असेल तर इंजिन बांधण्याचा खर्च वाचतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची वाट रिंगांची. पिस्टनवर बहुधा तीन खाचा असतात. वरच्या दोन खाचांतल्या कॉम्प्रेशन रिंगा वायूचा दाब अडवतात, आणि सर्वांत खालची ऑइल रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली परत पाठवते. ही ऑइल रिंग सामान्यतः तीन भागांची असते : दोन पातळ पोलादी पट्ट्या आणि त्यांना बाहेर दाबून धरणारी मधली स्प्रिंगसारखी पट्टी. खरवडलेले ऑइल खाचेच्या मागे असलेल्या बारीक छिद्रांतून किंवा चिरांतून पिस्टनच्या आतल्या बाजूला उतरते. इंधनाची बचत व्हावी म्हणून गेल्या काही दशकांत रिंगा अधिक पातळ आणि कमी ताणाच्या केल्या गेल्या, कारण रिंगांचे घर्षण हा इंजिनाच्या एकूण घर्षणातला मोठा वाटा असतो. पण कमी ताणाच्या रिंगेला थोडीशी काजळीही पेलवत नाही. ऑइल वेळेवर बदलले नाही, किंवा हलक्या प्रतीचे वापरले, की ते रिंगेच्या खाचेत करपून लाखेसारखा थर धरते, छिद्रे बुजतात, रिंग खाचेतच चिकटते आणि भिंतीवर दाब देईनाशी होते. बाहेरून पाहता इंजिन उत्तम चालत असते, ओढ कमी झालेली नसते, धूरही फारसा दिसत नाही, कारण अल्प प्रमाणातला निळा धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये बराचसा विरून जातो. कमी होते ती फक्त डिपस्टिकवरची पातळी.

अमेरिकेत २००७ ते २००९ या मॉडेल-वर्षांच्या कॅमरी गाड्यांमधले टोयोटाचे २.४ लिटरचे २एझेड-एफई इंजिन हे या दोषाचे गाजलेले उदाहरण आहे. १२०० मैलांत एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १९३० किलोमीटरमध्ये ०.९५ लिटरहून अधिक ऑइल संपवणाऱ्या गाड्यांना कंपनीने वाढीव वॉरंटीखाली पिस्टन व रिंगा बदलून दिल्या. भरवशासाठी नावाजलेल्या कंपनीच्या इंजिनातही हे घडते, यावरून हा दोष केवळ मालकाच्या हयगयीचा नसून पिस्टनच्या आखणीशीही निगडित असू शकतो, हे मान्य करावे लागते.

चिकटलेल्या रिंगांच्या बाबतीत उपाय करण्यासारखा असतो आणि तो संयमाचा असतो. ऑइलात मळ सोडवणारी व सोडवलेला मळ तरंगत ठेवणारी द्रव्ये असतात. चांगल्या प्रतीचे ऑइल नेहमीच्या १०,००० किलोमीटरऐवजी चार-पाच हजारांवर फिल्टरसह बदलत राहिले, तर तीन-चार बदलांमध्ये काही इंजिनांची घट लक्षणीय कमी होते, काहींची होत नाही. याहून थेट उपाय म्हणजे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवणारे द्रावण ओतणे आणि ते काही तास, शक्य तर रात्रभर, रिंगांपर्यंत मुरू देणे. यात दोन गोष्टी पाळल्याच पाहिजेत. प्लग बसवण्याआधी इंजिन स्टार्टरने फिरवून उरलेले द्रावण बाहेर उडवून द्यावे लागते, कारण द्रव दाबला जात नाही आणि तो आत राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो; आणि द्रावणाचा काही भाग चेंबरमध्ये उतरलेला असल्याने ऑइल व फिल्टर लगेच बदलावे लागतात. ऑइलात मिसळून दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवण्याच्या 'फ्लश' द्रव्यांविषयी मात्र सावधगिरी हवी. ज्या इंजिनात ऑइल वर्षानुवर्षे बदललेले नाही, टॅपेट कव्हर उघडल्यावर ज्यात काळा गाळ दिसतो, त्यात जोरदार फ्लश वापरला तर सुटलेले गाळाचे तुकडे पंपाच्या शोषक जाळीवर येऊन बसतात आणि दाबच जातो. अशा इंजिनात आधी चेंबर उतरवून जाळी साफ करणे हाच सुरक्षित क्रम आहे.

आता जाड ऑइलाच्या सल्ल्याकडे. ऑइलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० अशा खुणेतला पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा असतो आणि दुसरा कार्यतापमानाच्या दाटपणाचा, ज्याला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात. १०० अंश सेल्सिअसला ३० या दर्जाच्या ऑइलची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, तर ४० या दर्जाची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स या मर्यादेत असते. दर्जा एक पायरी वाढवला तर झिजलेल्या फटींतून ऑइल सावकाश जाते आणि घट थोडी उतरते, हे खरे आहे. परंतु रिंग काजळीने चिकटलेली असेल तर दाट ऑइल तिला सोडवत नाही. उलट ते बारीक छिद्रांतून अधिक कष्टाने परत फिरते. ज्या इंजिनांची पुस्तिका ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगते, त्यांतले वॉल्व्हच्या वेळा बदलणारे यंत्र व अरुंद मार्ग त्याच श्यानतेवर आखलेले असतात, त्यामुळे तिथे २०डब्ल्यू-५०पर्यंत उडी मारणे अनाठायी आहे. पुस्तिकेत तापमानानुसार एकाहून अधिक दर्जे दिलेले असतील, तर त्यांतला दाट दर्जा निवडणे ही मात्र रास्त तडजोड ठरते.

दाटपणाहून कमी चर्चिला जाणारा गुण बाष्पशीलतेचा आहे. तप्त भिंतीवरच्या ऑइलमधले हलके घटक उडून जातात, आणि ते किती उडतात हे नोआक चाचणीने मोजतात : ऑइल २५० अंश सेल्सिअसला एक तास ठेवून त्यावरून हवा ओढत राहिल्यावर वजनात किती टक्के घट झाली ते पाहतात. अमेरिकी एपीआय एसपी वर्गातल्या नेहमीच्या दर्जांना १५ टक्क्यांची आणि युरोपीय एसीईए वर्गांपैकी अनेकांना १३ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, तर काही चांगली सिंथेटिक ऑइल १० टक्क्यांच्या खाली राहतात. हा आकडा डब्यावर नसतो, पण अनेक उत्पादकांच्या तांत्रिक माहितीपत्रकांत सापडतो. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात पारा शून्याच्या जवळही जात नाही, तेव्हा पुस्तिका परवानगी देत असेल तर ५डब्ल्यू-३०ऐवजी १०डब्ल्यू-३० वापरण्यात काही गमावले जात नाही, आणि त्याचे मूळ तेल साधारणतः जड असल्याने ते कमी उडते. 'हाय मायलेज' या नावाने विकल्या जाणाऱ्या ऑइलमध्ये याच विचाराने दर्जाच्या वरच्या टोकाची श्यानता, अधिक मळनाशक द्रव्ये आणि ताठरलेल्या रबराला किंचित फुगवून मऊ करणारी द्रव्ये असतात. झिरपणारे सील आणि सकाळचा निळा धूर यांवर त्यांचा उपयोग होऊ शकतो, फाटलेल्या सीलवर किंवा झिजलेल्या बोअरवर होत नाही.

टर्बोच्या गाड्यांत आणखी एक वाट तपासावी लागते. टर्बोच्या दांड्याला वंगण देऊन ऑइल एका नळीने केवळ उतारावर चेंबरमध्ये परत येते. ती नळी कार्बनने बुजली, किंवा चेंबरमध्ये दाब साठला, तर ऑइल टर्बोच्या सीलांवरून सेवन-नळीत ढकलले जाते आणि इंटरकूलरमध्ये साचते. टर्बोच बदलण्याआधी ही परतीची नळी आणि ब्रीदर पाहणे आवश्यक आहे, नाहीतर नवा टर्बोही तेच करतो. महामार्गावरून वेगाने आलेली गाडी टोलनाक्यापलीकडच्या धाब्यावर लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवली, तर तापलेल्या दांड्याभोवतीचे ऑइल तिथेच करपत नाही.

घट सोसवते म्हणून ऑइल वरून टाकत राहण्याला एक मर्यादा आहे. ऑइलातल्या झीजरोधक द्रव्यात फॉस्फरस असतो. जळलेल्या ऑइलबरोबर तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मौल्यवान धातूंच्या थरावर जाऊन बसतो आणि त्याला निकामी करत जातो. म्हणूनच आधुनिक पेट्रोल इंजिनांच्या पातळ दर्जांच्या ऑइलमध्ये फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ टक्क्यांवर मर्यादित केलेले आहे. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी त्यात जळून साफ होते, पण ऑइलची राख जळत नाही आणि फिल्टर कायमचा भरत जातो. अशा गाडीत पुस्तिकेने सांगितलेले कमी राखेचे ऑइलच वापरावे लागते, आणि घट वाढली तर तिचा खर्च ऑइलच्या डब्यापुरता राहत नाही.

इतके करूनही घट उतरली नाही, तर इंजिन उघडण्याचा विचार येतो, पण त्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत; एखादा खूपच कमी असेल, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर गळती रिंगांवरून आहे, न वाढल्यास वॉल्व्हमधून आहे. मात्र ही चाचणी वरच्या कॉम्प्रेशन रिंगांविषयी सांगते. ऑइल रिंग पूर्ण चिकटलेली असतानाही कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते, म्हणून 'कॉम्प्रेशन चांगले आहे, रिंगा ठीक आहेत' हा निष्कर्ष अपुरा असतो. काढलेल्या प्लगांपैकी कोणता ऑइलाने ओला आहे, आणि बारीक कॅमेरा आत घातल्यास पिस्टनच्या कडेवर काजळी धुतली गेलेली दिसते का, यावरून ऑइलाची वाट अधिक नेमकी कळते.

इंजिन उघडलेच तर केवळ रिंगा घालून बंद करायचे की बोअर करायचे, हे नजरेने ठरवू नये. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये व खाली, दोन काटकोनी दिशांनी मोजला, की त्याची लंबगोलाई आणि उतरण कळते. ती उत्पादकाच्या मर्यादेत असेल तर भिंतीवर होनिंगने पुन्हा तिरप्या रेषांची जाळी काढून नव्या रिंगा बसवता येतात. त्या रेषांतच ऑइलचा थर टिकतो, आणि गुळगुळीत झालेल्या भिंतीवर नव्या रिंगा कधीच बसत नाहीत. मर्यादा ओलांडली असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठ्या मापाचे पिस्टन घेऊन बोअर करावे लागते, आणि पातळ अस्तराच्या अॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये तेही नेहमी शक्य नसते. नवी रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ७५ मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण ०.३ मिलिमीटर असते, आणि घाईत ती न मोजता बसवलेल्या रिंगा पुढे सगळ्या खर्चावर पाणी फिरवतात. बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीला तासन्‌तास आयडलवर ठेवण्यापेक्षा मध्यम भार देत, वेग कमीजास्त करत चालवावे, कारण वायूच्या दाबानेच रिंगा भिंतीवर नीट बसतात. पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदलावे. पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंत थोडे ऑइल जळतच राहते, त्यामुळे त्या काळातल्या नोंदींवरून कामाचा निवाडा करू नये. त्यानंतरही आकडा खाली आला नसेल, तर रिंगांच्या फटींची जागा, रिंगांची वर-खाली बाजू आणि बोअरचे माप यांपैकी काय चुकले, हे बांधणाऱ्याने पुन्हा उघडून पाहणे भाग असते.